दहिवर

जानेवारीत दापोलीचा गारठा
गाडीच्या पत्र्यातून आत येतो, न विचारता.
पहाटे नऊ अंश, एखाद्या दिवशी आठ.
घाटावरची माणसं हसतील याला.
पण मी जन्माने हर्णैचा, बायकोच्या गावी राहणारा,
माझे एवढ्यात दात वाजतात.

ओम्नीच्या मागच्या सीटवर चार सेट,
बोटींचे. दोन दुरुस्त, एक अर्धवट,
आणि एक, ज्याला आता फक्त मीच सेट म्हणतो.

बॅटऱ्या मात्र रात्री घरात येतात.
कापडी पिशवीत, खुंटीला, माझ्या उशाशी.
कुमुद म्हणते, पोरांना कधी असं उशाशी घेतलंत?
मी सांगतो, थंडीत बॅटरी खोटं बोलते गं,
तीन काड्या दाखवते
आणि अर्ध्या वाक्यात बसते.
ती म्हणते, तुमच्यासारखीच.

हे शहाणपण माझ्यात उशिरा आलं.
त्या वर्षी हिराजी चोगल्याचा सेट
मी रात्रभर गाडीत ठेवला, उघडाच,
आणि सकाळी आसूदचा उतार उतरलो काचा खाली करून,
शीळ घालत.
खाली बंदरावर हवा वेगळी.
ओली, खारी, सुकत घातलेल्या बोंबलांची.
सेटच्या अंगावर बारीक दहिवर धरलं,
काजूच्या पानावर धरतं तसं.
मी पंचाने पुसलं.
बाहेरून पुसलं.

हिराजीने तिथेच, धक्क्यावर, बटण दाबलं.
आवाज आला, खणखणीत.
दोघंही हसलो. त्याने पैसे दिले, मी मोजले नाहीत.

संध्याकाळी बारा वाव पाण्यात
पंख्यात दोर अडकला 'साखरबाई'च्या,
आणि सेट मुका.
सव्वीस तास.
त्या सव्वीस तासांत हिराजीची आई, जिच्या नावाची बोट,
दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.
काही बोलली नाही. मी चहा दिला, तो तिने घेतला.
माझ्याकडच्या सेटमध्ये नुसती खरखर,
ती कमी करायलाही माझा हात होईना.

दुसऱ्याच कुणाच्या बोटीने ओढून आणलं त्यांना.
हिराजीने सेट माझ्या टेबलावर ठेवला,
हळू, काचेचा असल्यासारखा, आणि गेला.
उघडला तर आत तांब्याच्या रेघांवर
हिरवा कळंक, पितळी तांब्याच्या बुडाला चढतो तसला.
तोच हा चौथा.

तेव्हापासून
गाडीतच, वरच्या थंडीतच,
प्रत्येक सेट जाड पिशवीत घालतो, हवा दाबून काढतो,
तोंड घट्ट लावतो. वर जुनी गोधडी.
पिशवीत पांढऱ्या पुड्या, चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या,
दर पंधरवड्याला उन्हात वाळवलेल्या.
तांदळात ठेवा, असं सांगणारे भेटतात.
तांदळाची पूड कुठे कुठे जाते
ते त्यांनी ब्रश घेऊन एकदा माझ्याशेजारी बसून बघावं.

हर्णैत पोचल्यावर पिशव्या फळीवर मांडतो.
दहिवर धरू दे, पिशवीला धरू दे.
तासभर कुणी हात लावायचा नाही.
तांडेल शिव्या घालतात,
भरती थांबणार काय रे तुझ्या सेटपायी?
भरती थांबत नाही. मी थांबतो.

हिराजीचा जितू आता बोट सांभाळतो.
तो शिव्या घालत नाही.
स्टुलावर बसतो, अधूनमधून
पिशवीला उलटा हात लावून बघतो,
ताप बघतात तसा.
झाला गरम?
अजून नाय.

मग बॅटरी बसवतो, माझ्या अंगरख्याच्या खिशातली,
अजून उबदार.

रात्री आठला, दुकान बंद करताना,
बारा वाव पाण्यातून
जितू विचारतो, ऐकू येतंय काय?
येतंय, म्हणतो मी.
मग बरंच काही सांगावं असं वाटतं,
तेवढ्यात तो विचारतो,
आज सुरमई काय भावानं गेली?