वस्त्रगाळ

अ‍ॅक्रनच्या दुकानात, सुट्या भागांच्या सातव्या रांगेत
मी पाऊण तास उभा.
डाव्या हातात सात डॉलरचा ऑइल फिल्टर,
उजव्यात एकोणीसचा.
तोलून पाहतो, भोपळा घ्यावा तसा.
उजवा जरा जड लागतो,
पण किंमत मी आधी वाचली होती.

महागाच्या खोक्यावर लिहिलंय:
वीस मायक्रॉनपर्यंतची नव्याण्णव टक्के घाण अडवतो.
आमच्याकडे याला एकच शब्द होता, वस्त्रगाळ,
आणि त्याला लागायचा जुन्या धोतराचा तुकडा.

काउंटरवरचा पोरगा विचारतो, गाडी कुठली?
दोन हजार सहाची कोरोला. दोन लाख बारा हजार मैल.
तो काही बोलत नाही.
त्याच्या भाषेत ही म्हण नसावी,
चेहऱ्यावर मात्र होती: नाकापेक्षा मोती जड.

दोन्ही घेतले.

शेजारचा लेस्टर पोकॉर्नी एकतीस वर्षं टायरच्या कारखान्यात होता.
गुडघे गेले, गराज शाबूत आहे.
म्हणाला, नवे कापून काय कळणार?
दोन गाड्यांना दोन लाव, पाच हजार मैल जाऊ दे,
मग कापू आणि बघू कोणी किती खाल्लं.
माझी मॅट्रिक्स, रेवाची कोरोला. इंजिन एकच.
कुठला कुणाला, हे त्याने विचारलं नाही.
मीही ठरवलं नव्हतं,
गाडीखाली झोपलो तेव्हा तिच्याकडे उजवा हात गेला.

मग ती परत ईरीला. रक्ततपासणीची रात्रपाळी,
तळ्यावरून येणारा बर्फ, उघडा पार्किंग लॉट,
सकाळी सातला उणे अठरा.
अशा वेळी किल्ली फिरवली की
तेल वर चढेपर्यंत इंजिन एखादा क्षण कोरडंच खडखडतं.
आतला रबराचा पडदा मऊ राहिला, तर तो क्षण लहान होतो म्हणे.
बारा डॉलर मी त्या क्षणाचे दिले होते.
सबंध जानेवारी इकडे माझी गाडी सुरू करताना
मी तिचा आवाज ऐकत होतो.

एप्रिलात ती आली, आल्या आल्या झोपली.
मी कोरोलाखाली सरकलो
आणि टॉर्चच्या उजेडात
एक अनोळखी नारिंगी फिल्टर.

उठल्यावर म्हणाली, अरे हो बाबा,
फेब्रुवारीत तेलाचा दिवा लागला होता.
कोपऱ्यावर कुपन होतं, दहा मिनिटांत करून दिलं.
फोनवर काय सांगायचं त्यात?
आणि आमटी गरम करायला गेली.

आता कसली तुलना! तरी लेस्टरने दोन्ही कापले,
माझा सातवाला आणि तो कुपनवाला.
वर्तमानपत्रावर निऱ्या उलगडल्या.
मोजल्या. माझ्यात अडतीस, तिच्यात एकेचाळीस.
दोन्ही सारख्याच काळ्या.
त्याने लोहचुंबक फिरवला, टोकाला भुकटीसुद्धा लागली नाही.
म्हणाला, वेळेवर बदलणार असशील
तर पायमोजा लावलास तरी चालेल.
आणि हसता हसता त्याला खोकला आला.

एकोणीसवाला कुठे गेला कुणास ठाऊक.
ईरीत कुठल्यातरी पिंपात,
आपले नव्याण्णव टक्के सांभाळून.

सोमवारी मी पुन्हा त्या रांगेत होतो.
या वेळी पाच मिनिटंही लागली नाहीत.
डाव्या हाताला काही विचारलंच नाही.

नव्या फिल्टरच्या रबरी कडेवर
बोटाने थोडं ताजं तेल फिरवायचं असतं,
बाळाच्या टाळूवर फिरवतात तसं, हलकं.
मग आटे जुळवायचे.
कड टेकली की पाऊण फेरा.
हाताने बसतो तेवढाच बसवायचा.
पाना लावायचा नाही.