काकाजी, वर्ग त्रेचाळीस

गोळीबार चौकातला पहिला 'काकाजी' मीच रंगवला.
पत्रा, पिवळ्यावर लाल. साल आठवत नाही,
टर्पेंटाइन तेव्हा उधारीवर मिळायचं.
ठेला वामन बारापात्रेचा, तर्री पोह्याचा.
वय बत्तीस, पण डोकं सगळं पिकलेलं,
म्हणून पोरं त्याला काकाजी म्हणायची.

दुसरा पाचपावलीत, देवाजी नंदनवारचा.
नाव काय टाकू विचारलं,
तर म्हणाला, "टाक ना थेच,
लोकं तसंही थेच म्हनून राहिले."

मग कॉटन मार्केट. मेडिकल चौक. कामठी रोडवर दोन,
समोरासमोर, भांडण नाही.
हिंगण्याचा बंद पडला,
त्या पत्र्याचं आता कोंबड्यांचं खुराडं आहे,
नाव अजून वाचता येतं.

'जी'ची वेलांटी मी मागे ओढून
अख्ख्या शब्दावरून न्यायचो,
पोह्यावरून वाफ वाऱ्यानं एकीकडे जावी तशी.
तिचे पैसे कोणी दिले नाहीत,
कोणी मागितलीही नव्हती.

परवा प्रतीक पौनीकर गाडीतून उतरला.
त्याची तीन दुकानं, आत एसी,
काउंटरवर पाकिटातला रस्सा मसाला.
मोबाइलवर त्यानं माझीच वेलांटी दाखवली.
खाली अर्ज क्रमांक, वर्ग त्रेचाळीस,
आणि 'वापर केव्हापासून' या रकान्यात
अशी एक तारीख, जेव्हा त्याचे
दुधाचे दात पडत असतील.
"निमजे काका, नावाच्या कोपऱ्यात
बारीक टीएम टाका. गोलातला आर नंतर,
मंजुरी आल्यावर."
बाकीच्यांच्या बोर्डांचं काय, मी विचारलं.
"त्यांना नोटिसा गेल्या. पुसायचं कामही
तुम्हालाच देऊ की."

संध्याकाळी धरमपेठेत, मोहरील वकिलांच्या ओट्यावर
सहा काकाजी बसले होते,
सहा लिफाफे, सगळे सारखेच फाडलेले.
वकील म्हणाले, जर्नलमध्ये छापून आलंय,
हरकतीला चार महिने.
पण आधीपासून वापरता हे दाखवा.
बिल? फोटो? जाहिरात?
देवाजीनं खिशातून गॅसचं पुस्तक काढलं,
पुन्हा खिशात ठेवलं.
वामनची कौसल्या पदर सावरत म्हणाली,
"माह्या घरच्याले अख्खं नागपूर काकाजी म्हने.
आता फोटोखाली काय लिहू, अर्ज क्रमांक?"

माझ्याकडे एक वही आहे, मी म्हणालो.
उधारीची.

पान वकिलांनी चष्म्याजवळ नेलं.
'२ मार्च ८६. वा. बारापात्रे, गोळीबार चौक.
बोर्ड एक, काकाजी. येणे बाकी रु. सोळा.'
कौसल्येनं लगेच पदराची गाठ सोडली.
"थांबा," मोहरील जवळजवळ ओरडलेच,
"एक पैसा देऊ नका. ही बाकी
खोडली जाता कामा नये."
अडतीस वर्षं मी ज्या सोळा रुपयांसाठी
वामनला मनातल्या मनात शिव्या दिल्या,
त्यांची आता झेरॉक्स निघणार, नोटरीचा शिक्का बसणार.

बाहेर आलो तर मागून एक पोरगा सायकलवर,
"ओ काकाजी, साइड!"
सहाही जण वळले. मी वळलो.
पानठेलेवाला वळला.
दारात उभे मोहरील वकीलही.

आता रात्र झाली आहे. प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा
समोर पडला आहे. चौथा मुद्दा:
'सदर अक्षरांकन ही माझी स्वतःची मूळ निर्मिती आहे.'
इथं सही करायला हात उचलला
आणि इतवारीतलं एक कापडाचं दुकान आठवलं.
मी तेरा-चौदाचा, सायकल टेकवून उभा.
शिडीवर पाठमोरा एक माणूस,
त्यानं 'लक्ष्मी'ची वेलांटी मागे ओढली,
ओढली, ओढली,
आणि खाली न बघताच विडी पेटवली.

त्याचं नाव कोणाला विचारलं नाही मी.
बोर्डाखाली त्यानंही लिहिलं नव्हतं.