स्वेच्छेने

कामगार न्यायालयाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल.
वर हिरवी जाळी, एका पायाखाली वीट.
संगणक आला, प्रिंटर आला,
लोक अजून टाइपवाली बाईच म्हणतात.
नागपूरच्या मे महिन्यात कागद हातात राहत नाही.
टाइप केला की त्याच्यावर काहीतरी ठेवावं लागतं,
कुलूप, चष्म्याची डबी, कोणाचा तरी मोबाइल.

मी वकील नाही. हे दिवसातून नऊ वेळा सांगते.
तरी विचारतात.
"पाच वर्षाले अठरा दिवस कमी हायेत, बाई,
ग्रॅच्युइटी भेटन का?"
"सही बारा हजारावर घेते, हाती आठ देते. चालते का असं?"
"पीएफ कापला, खात्यात नाही. मंग गेला कुठी?"
"लेटर नाही. गेटपास हाय फक्त.
गेटपास म्हंजे नोकरी होय का?"

गेटपास जपा, मी म्हणते.
हजेरीचा फोटो जपा,
'उद्या सातला ये' हा सुपरवायझरचा मेसेजसुद्धा.
नोकरी कागदावर नसली की
चिंध्या वेचून तिची गोधडी शिवावी लागते
आणि ती साहेबांपुढे पसरून म्हणावं लागतं,
बघा, इतकी वर्षं मी इथेच निजलो.

प्रल्हाद बावनकुळेला बुटीबोरीत
दर वेळी दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी ब्रेक देतात.
"दोनशे चाळिसावा दिवस कसा असते, बाई?"
मी म्हटलं, मंगळवारासारखा असेल.
तो हसला.
मग बराच वेळ हसला नाही.

रंजिता खोब्रागडे कुवेतहून आली
दूतावासाच्या एका पांढऱ्या कागदावर.
पासपोर्ट तिकडे, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या खणात.
सदरच्या एजंटापुढे सही केली ती नर्स म्हणून.
तिथे उतरल्यावर दुसरा कागद, उजवीकडून वाचायचा,
त्यात भांडी होती, तीन मुलं होती, सुट्टी नव्हती.
"यातला खरा कोणता?"
मी दोन्ही झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या.
"सही तर दोन्हीवर माझीच आहे,"
ती म्हणाली,
जणू आपल्यालाच पकडलंय तिनं.

आणि परवा, अडीचच्या उन्हात,
हिंगण्याचे गुणवंता उके.
सोबत इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस.
त्यानं मोबाइलवरचा मजकूर दाखवला, म्हणाला, हेच टाइप करा,
आणि रसवंतीच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

मी करत गेले. महोदय. बावीस वर्षे. लेथ विभाग.
मग आला तो शब्द.
तो टाइप करताना माझी बोटं नेहमीच थोडी हळू होतात.
"उकेभाऊ, स्वेच्छेने ठेवायचं का?"
"म्हंजे काय होते त्याचं?"
"आपल्या मनानं."
"कोनाच्या?"

रसवंतीचे घुंगरू वाजत होते.
उकेभाऊंनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.
"राहू द्या तो शब्द," म्हणाले.
"अन् त्याच्या खाली लिहा, आज वार कोनता, किती वाजले,
मले इथं कोन घेऊन आलं, त्याचं नाव,
अन् त्याच्या गाडीचा नंबर."

लिहिलं.
इस्त्रीवाला तोंड पुसत आला, वाचलं,
शेवटच्या ओळींपाशी त्याचा घसा सुकला, रस पिऊनही.
"हे काढा."
मी म्हटलं, काढते. पैसे नको.
फक्त 'माझ्या सांगण्यावरून काढले' असं लिहून
खाली सही करा.

तो फोन लावायला दूर गेला. अजून दूर गेला.
उकेभाऊंनी खिशातून एक नट काढला,
ग्रीसनं काळा, आपल्याच मशीनवर कापलेला,
आणि कागदावर ठेवला.

पाच वाजले, मी शटर लावलं संगणकाला,
कागद तिथेच होता.
न सही केलेला.
एक कोपरा सारखा उठत होता,
बसत होता.