पाणी कुठं मुरतं

हार्लन मीठदाणी उचलतो
आणि तिचा ट्रक होतो.
मिरपुडीची बाटली म्हणजे आमची काउंटी कचेरी,
काटा हा एक रस्ता, चमचा हा दुसरा,
आणि घेवड्याचा एक दाणा
म्हणजे तो दुसरा स्फोट
जो कुठल्याच अहवालात नाही.

"पहिला बाहेर झाला, लेओटा. दुसरा आतून.
खांब आतल्या अंगानं कापलेला होता.
कुठंतरी पाणी मुरतंय."

बावीस वर्षं हे पाणी मुरतंय
माझ्या जेवणाच्या टेबलाखाली.
आमच्या या कॅन्सासात, जिथं विहिरीसुद्धा
आजोबांच्या वेळेपासून खोल खोल जात राहिल्या,
एवढं पाणी आलं कुठून?

तिसऱ्या मजल्यावर, जमिनीच्या नोंदींच्या खिडकीशी
एल्डन रांगेत उभा होता.
कारण त्या बुधवारी मी म्हटलं,
कुंपणाचा तो कागद आजच आणून टाक,
पुन्हा पुन्हा काय सांगायचं.
हे वाक्य मी कुठल्याच चौकशीत सांगितलं नाही.
कुणी विचारलंच नाही.

हार्लनच्या गॅरेजात चौदा खोकी आहेत.
नकाशे, त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा, खड्ड्याची मापं,
एका निवृत्त लष्करी अभियंत्याची पत्रं
ज्यांत प्रत्येक ओळीखाली दोनदा रेघ.
तो म्हणतो, त्यांना कायदा हवा होता.
कायदा आला, हे खरं आहे.
सात आठवड्यांत आला. फोन ऐकायचा,
दार न ठोठावता आत शिरायचा,
जणू कुणी तो आधीच शिवून ठेवला होता
आणि बटणं लावायचीच काय ती बाकी होती.
इथं मी गप्प बसते.
इथं तो पुरता चुकत नाही.

मीही एकदा अर्ज केला होता.
तीन वर्षांनी जाडजूड पाकीट आलं:
दोनशे बारा पानं, काळ्या पट्ट्या ओढलेली,
रात्री नांगरलेल्या शेतासारखी.
एका पानावर दोन शब्द सुटले होते,
"पूर्वसूचना मिळूनही".
कुणाला, कुणाकडून, मिळूनही काय,
सगळं काळ्याखाली.
मी ते पान खिडकीच्या काचेवर धरलं.
उजेड आला. अक्षरं आली नाहीत.

मला वाटतं, एक पत्र कुणाच्या तरी खणात
अकरा दिवस पडून होतं.
वरच्या साहेबाला सर्दी, खालच्याला सुट्टी.
एवढंच.
मग हे एवढंच झाकायला शाई
आणि शाई झाकायला समिती.
हार्लनला हे पटत नाही.
आळशी माणसांमुळे एल्डन गेला,
हे त्याला फार लहान वाटतं.

काल जेवणं उरकल्यावर
त्यानं मीठ, मिरी, चमचा जागच्या जागी ठेवले
आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाला,
"सडपातळ होता. दोनदा थँक्यू म्हणाला.
चाळीस पोती खत. मका पेरायचाय म्हणाला.
ऑक्टोबरात, लेओटा.
मी विचारलं नाही.
त्याची पाठ दुखत होती,
म्हणून मीच चढवून दिली."

सहकारी गोदामाचा तो निळा डगला
त्यानं पुन्हा कधी घातला नाही.
मला वाटायचं, दुःखानं.

म्हणून आत दुसरं काहीतरी असायलाच हवं.
कापलेला खांब असायला हवा,
वॉशिंग्टनमधली एक बंद खोली,
खोलीत हुशार, क्रूर, सगळं आधीच ठरवलेली माणसं.
नाहीतर उरतात फक्त पोती
आणि ती एकेक करून उचलणारा
माझा भाऊ.

कुंपणाच्या कागदाचं तेव्हाच सांगून टाकायचं होतं.
ओठांवर आलं होतं.
त्याऐवजी मी मीठदाणी पुन्हा उचलली,
त्याच्या पुढ्यात सरकवली.
"तो दुसरा स्फोट," मी म्हटलं,
"पुन्हा सांग. नीट सांग.
कुठला खांब म्हणालास?"