पांढरा भाग

नकाशावर समुद्रकाठ लाल.
त्यामागे नारिंगी, मग पिवळा,
मग लिंबाच्या सालीसारखा फिका हिरवा,
आणि तिथे अक्षरं संपतात.
आम्ही त्याच्याही साठ मैल आत, जॉर्जियात,
कागद नुसता कागदच राहिलाय तिथे.

टर्पिन्स फेरी.
गावाच्या नावात नाव आहे,
गावात मात्र एकही नाव नाही.
शेवटची हॉयटच्या आजोबांनी फोडली
आणि कोंबड्यांना खुराडं केलं.
नदी केव्हाच सरकली. उरलाय बटरमिल्क ओढा,
नावाप्रमाणेच पाणी घातलेला.

मी शाळेची एकोणीस नंबरची बस चालवते.
मंगळवारी काउंटीचा निरोप: मुलं राहू देत,
समुद्राकडे जा, लाल भागातली म्हातारी माणसं आण.
आणली. एकतीस माणसं, दोन ऑक्सिजनची यंत्रं,
आणि एक पोपट,
वाटभर "दार लाव, दार लाव" म्हणणारा.

पहिल्या बाकावर मिस अर्नेस्टीन ग्रोव्हनर.
भांड्यावर घालतात तसं
दंडावर पक्क्या शाईने नाव घातलेलं.
मी विचारलं, कशाला?
"हरवलं तर परत करायला," म्हणाल्या,
आणि पर्समधून शेंगदाणे काढून दिले.

शाळेच्या जिममध्ये
बास्केटबॉलच्या रेषांवर खाटा मांडल्या.
व्हेल्डाने घड्या न मोडलेल्या चादरी आणल्या,
चर्चने तळलेली कोंबडी.
आम्ही सगळे जरा मोठ्यानेच बोलत होतो,
यजमान बोलतात तसं.
खिडक्यांना फळ्या कुणी ठोकल्या नाहीत.
मी तेवढा एक पेला पाणी गोठवलं
आणि त्यावर नाणं ठेवलं.
मिस अर्नेस्टीनची शिकवण:
परतल्यावर नाणं वर असेल तर वीज टिकली,
तळाशी असेल तर फ्रीजमधलं सगळं फेकून दे.

वादळ आलं तेव्हा
वाऱ्याचं वय झालं होतं.
पाऊस मात्र नुकताच वयात आलेला.
एक रात्र, एक दिवस, आणखी एक रात्र.
पिकानची झाडं मुळांसकट आडवी होत होती,
आवाज न करता, ओल्या मातीतून मुळा उपटावा तशी.

दोन वाजता रामिरो ओकाम्पोचा फोन, ट्रेलर वस्तीतून:
पाणी पायरीला लागलंय.
मी किल्ल्या शोधेपर्यंत दुसरा:
पायरी दिसत नाही.

जिमच्या दाराशी मिस अर्नेस्टीन, पायात सपाता.
"तुला पाणी वाचता येतं का?" म्हणाल्या.
मला फक्त रस्ता वाचता येतो.
त्या पुढे बसल्या, काचेला नाक लावून:
थरथरतंय तिथून जा, खाली डांबर आहे.
गुळगुळीत, काळं, शांत दिसतंय ना,
तिथे थांब. तिथे काहीच नाही.
साठ मैल आत, माझ्या रोजच्या वाटेवर,
जिथली खड्ड्यांसकट प्रत्येक पत्रपेटी मला पाठ,
तिथे मला समुद्राकाठची बाई रस्ता सांगत होती.

तीन खेपा. सत्तेचाळीस माणसं, कांद्याच्या शेतातली बहुतेक.
लाल आणि पांढरे मग एकाच फरशीवर झोपले.
मिस अर्नेस्टीन मुलांच्या दंडांवर नावं घालत बसल्या.
रामिरोची यारित्सा म्हणाली, नाव नको, पोपट काढ.
त्यांनी आधी नाव घातलं,
मग त्याला चोच काढली.

मार्चमध्ये नवा नकाशा आला.
रंग ठळक झालेत, छपाई चांगली आहे.
आम्ही होतो तसेच.

पण मी सांगत होते सहाव्या दिवसाबद्दल.
घरी गेले. दिवे लागत होते.
भिंतीवर गुडघ्याएवढी तपकिरी रेघ.
फ्रीजर उघडला. पेल्यात नाणं
ना वर, ना तळाशी;
अर्ध्यात, तिरकं, थिजलेलं.

याचा अर्थ काय, ते त्यांनी शिकवलं नव्हतं.
मटारची पिशवी हातात घेऊन
मी बराच वेळ तशीच उभी राहिले,
फ्रीजरचं दार उघडं टाकून.