पश्चिमेची भिंत

एर्मोसियो. जून. दुपारचे चार.
"काच," डॉन आन्सेल्मो बोहोर्केस म्हणाले होते,
"वरपासून खालपर्यंत नुसती काच. हमरस्त्यावरून
माझे सोफे दिसले पाहिजेत."
हमरस्ता पश्चिमेला.
ओब्दुलिया एन्सिनासकडे आकडे होते, चाळीस पानं,
मीच छापलेली, मीच पंच केलेली.
ती फाइल तिनं गाडीतच ठेवली.

रिकामा प्लॉट. कुंपणाबाहेर एक मेस्कीटचं झाड.
नाबोरनं पांढरी फक्की मारली:
हा जिना, हे गोदाम,
आणि ही, तिसऱ्या मजल्यावरची, तुमची खोली.
तिसरा मजला त्या दिवशी जमिनीवरच होता.
तिनं डिकीतून लोखंडी खुर्ची काढली.
"बसा. समोर तुमची काच."

बसले.
"ऑफिसात टोपी घालता?"
काढली.

आधी काचेच्या भावावर बोलले,
मग खुर्चीच्या हातांवरून हात उचलले,
मग नुसतेच घामेजत राहिले.
बर्फाचा गोळेवाला घंटी वाजवत गेला, थांबला नाही.
नाबोर झाडाखाली सरकला. मीही.
एका कुत्र्यानं तिथली जागा आधीच धरली होती.
त्याला कुणी चाळीस पानं वाचून दाखवली नव्हती.

"इथं एसी असणार आहे," नवव्या मिनिटाला ते म्हणाले.
"असणारच. आत्ता तुम्ही जे सोसताय
ते तो सोसेल. रोज.
बिल मात्र तुमच्याच नावावर येईल."

ते उठले. खुर्ची स्वतः उचलली,
आणि न बांधलेल्या भिंतींमधून आरपार चालत
उत्तरेच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.
बुटांना चुना लागला.
"आणि माझे सोफे?"
"लाल कापड तर आधी विटतं,"
झाडाखालून नाबोर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री मी आराखडा खोडला.
लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून,
आखूड बाजू मावळतीकडे, जाड विटांची,
तिच्यात एकच खिडकी, तीही खोल,
भुवईखाली डोळा असतो तशी.
इमारतीचं तोंड फिरवायला
दीड खोडरबर लागला.
पाया भरल्यानंतर
तेच तोंड क्रेननंही फिरत नाही.

आता दुकान चालतं. गिऱ्हाईक येतं, उशा दाबून बघतं,
थोडं जास्तच रेंगाळतं. का, ते कुणी विचारत नाही.
भिंतीचं कौतुक करायला कोण सोफा घ्यायला येतो?
डॉन आन्सेल्मो अजून कुरकुरतात.
ओब्दुलियाला न विचारता त्यांनी
पश्चिमेच्या भिंतीवर एक सोफा रंगवून घेतला,
दोन मजले उंच, लालभडक.

पहिल्याच उन्हाळ्यात तो गुलाबी झाला,
दुसऱ्यात विटेच्या रंगाचा.

आतला अजून लाल आहे.