उचल

फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
मी एका कापूस-दलालाची खातेवही दुरुस्त करते आहे.
गव्हाची खळ, जपानी कागद, मऊ कुंचला.
हातात पांढरे मोजे. कापसाचेच.
कसरीनं पाडलेलं एक छिद्र
सव्वीस पानं आरपार गेलंय,
म्हणजे साधारण चार वर्षं.

अक्षर मोडी. कारकून धाकजी धैर्यवान, राहणार मुगभाट.
ओळ संपेतो बोरू उचलत नाही.

धोलेरा, खंडीस एकशे ऐंशी.
मग दर्यापल्याड त्यांची आपसात जुंपली,
बंदरं कोंडली, विलायतेचे माग उपाशी पडले.
धोलेरा तीनशे. पाचशे. सहाशे नव्वद.
धाकजीचं अक्षर मोठं होत जातं.
मुंबईनं गाद्या उसवून कापूस विकला,
चटईवर निजली,
आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतले.
समुद्र अजून जागच्या जागी होता.

तिकडचा कापूस आजवर कोण वेचत होतं,
त्यांचे आजे-पणजे कुठल्या किनाऱ्यावरून गलबतात भरले,
भाव कसा ठरवत, दात बघून की खांदे,
याला वहीत रकाना नाही.
नसणारच. तरी मी शोधला.

हमालांच्या यादीत मात्र एक नाव :
मबरूक सिद्दी, कुलाबा, रोज चार आणे.
अरबी बगल्यातून आरमारानं सोडवलेला असेल.
असेल, असं मी म्हणते.
धाकजीनं फक्त रोज लिहिलाय.

मे महिना. आगबोट बातमी घेऊन आली :
लढाई मिटली.
वहीत त्यापुढे एकच शब्द, अनर्थ.
धोलेरा अडीचशे, आणि गिऱ्हाईक नाही.
शेठची दोन गोदामं, घोडागाडी,
मग शेठाणीच्या पाटल्या, वजनासकट.
लढाई थांबली म्हणून एवढं रडलेलं शहर
मी दुसऱ्या कुठल्या कागदावर पाहिलं नाही.
तिकडे बेड्या तुटल्या, हे इथं
कुणी जमेस धरलं नाही, खर्चीही नाही.

त्याच तारखेला, तळाशी, बारीक अक्षरात :
मबरूक सिद्दी यास उचल, आणे अडीच,
बत्ताशांकरितां.

मुलगा झाला असेल.
पिराला नवस असेल.
किंवा गोदीत कुणा खलाशानं
हातवारे करून काही सांगितलं असेल.
धाकजीनं विचारलं नसेल,
विचारलं असेल तर लिहिलं नाही.
पण दिले.
दिवाळं निघालेल्या पेढीतून, त्या दिवशी,
अडीच आणे मोजून दिले.

पुढच्या पानावर हमाल बंद.
उचल फिटली का, ते बघायला गेले
तर कसरीचं छिद्र नेमकं तिथेच.
छिद्र बुजवणं माझं काम.
अक्षर भरायची परवानगी नाही.

चार वाजता नार्वेकरबाई चहाला हाक मारतात.
मी मोजे काढत म्हणते, आले,
एवढी खळ वाळू दे.